मिंधेपण

‘मिंधा’ या शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमका प्रतिशब्द सापडणे कठीण आहे. ऋणी म्हणजे मिंधा नव्हे. ‘मी आपला ऋणी आहे’ हे वाक्य आपण भर सभेत, मान ताठ ठेवून म्हणतो. इतकेच नव्हे, तर ‘तुमच्या ऋणातच राहणे मला आवडेल’ असेही म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते गोड वाटते. ‘मी तुमचा मिंधा आहे’ असे मात्र सभेत कोणी म्हणत नाही. ते म्हणावे लागतच नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या शिळ्या विनोदाला हसणे, त्याच्या चुकीच्या बोलण्यावर गप्प बसणे, त्याच्या दारावरून जाताना चप्पल न वाजवणे, एवढ्यावरून ते दिसते. ऋण फेडता येते, आणि फेडायचे नसेल तर मनात जपता येते. मिंधेपण फिटत नाही आणि जपण्यासारखेही नसते. ते नुसते वागवायचे.

माणसाने माणसाची मदत घ्यावी आणि तरीही मिंधे होऊ नये, हे शक्य आहे काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकात सहसा भेटत नाही, कारण पुस्तके दात्याच्या बाजूने लिहिलेली असतात. दान कसे करावे, कोणाला करावे, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू देऊ नये, हे सारे सांगून झालेले आहे. घेणाऱ्याने काय करावे? त्याने आशीर्वाद द्यावा, एवढेच. घेणाऱ्याच्या बाजूने या प्रश्नाचा विचार एका अख्ख्या देशाने केला आणि त्याचे उत्तर कायद्यात उतरवले, असे मला वाटते. तो देश म्हणजे स्वीडन. मुलीच्या निमित्ताने उप्साला या गावी मी दोन हिवाळे आणि एक उन्हाळा काढला. एवढ्याने देश कळतो असा माझा दावा नाही. पण हा प्रश्न डोक्यात घेऊनच गेलो होतो, त्यामुळे जे दिसले ते त्या अंगाने दिसले.

२०२२ साली स्वीडनची जगभर थट्टा झाली, ती काही वाचकांना आठवत असेल. निमित्त क्षुल्लक होते. शेजारचे पोर घरी खेळायला आले आणि तेवढ्यात जेवणवेळ झाली, तर स्वीडनमध्ये त्याला पानावर बोलावत नाहीत. घरची मंडळी जेवून उठेपर्यंत ते पोर आतल्या खोलीत एकटे खेळत बसते, असे कोणीतरी सांगितले. मग आपल्या लहानपणी आपणही असेच बसलो होतो असे सांगणारे पुष्कळ निघाले. ‘आमच्या घरी असे कधी झाले नाही’ म्हणणारे स्वीडही निघाले, हे सांगितले पाहिजे. पण जगाला हसायला एवढे पुरले. आपल्याकडे तर विचारायलाच नको. दोन घास खाल्ल्याशिवाय पोराला उंबऱ्याबाहेर पडू न देणारी आपली माणसे. त्यांना हा प्रकार अमानुषच वाटला.

मला तो तसा वाटला नाही. तिकडची कारणे ऐकली तर ती अगदी साधी आहेत. संध्याकाळचे जेवण पाच-सहाच्या सुमारास होते. त्या पोराच्या आईनेही त्याच वेळी बटाटे उकडून ठेवलेले असतात. तिला न विचारता तिच्या मुलाला जेवू घालणे म्हणजे तिच्या संसारात हात घालणे. आणि त्याच्याही खाली एक कारण आहे, ते बोलून दाखवले जात नाही. परक्याच्या पोराला ताट वाढणे याचा त्या समाजात एके काळी फार वाईट अर्थ होता. ‘याच्या घरी खायला नाही’ असा तो अर्थ.

हे समजण्यासाठी शंभर-दीडशे वर्षे मागे जावे लागते. आजचा संपन्न स्वीडन आपल्या डोळ्यांसमोर इतका ठसला आहे, की तो एके काळी युरोपातल्या दरिद्री देशांपैकी एक होता हे आपण विसरतो. १८६७-६८ साली तिथे दुष्काळ पडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत दहा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेला निघून गेली. जी राहिली त्यांतल्या निराधारांची सोय गावाने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावसमाजाने करायची असे. ती दोन प्रकारे करीत. पहिल्या प्रकारात काही शेतवाड्यांचा मिळून एक गट असे. त्याला ‘रूते’ म्हणत. गटाच्या वाट्याला आलेला म्हातारा किंवा म्हातारी या वाडीत काही दिवस, त्या वाडीत काही दिवस अशी फिरत राही. दिवस संपले की गाठोडे उचलायचे आणि पुढच्या दारात जाऊन उभे राहायचे. बाहेर बर्फ असो, नाहीतर जून महिन्यातला न मावळणारा उजेड असो.

दुसरा प्रकार लिलावाचा. आपण लिलाव म्हटला की चढती बोली समजतो. ही बोली उतरती होती. ‘या मुलाला वर्षभर सांभाळायला गावाकडून किती घ्याल?’ असे विचारले जाई आणि जो सर्वांत कमी मागेल त्याला ते मूल मिळे. म्हाताऱ्यांचीही बोली होई. गावाला यात क्रौर्य दिसत नव्हते; गाव पै-पैचा हिशेब करीत होते. कमी पैशांत मूल नेणारा शेतकरी उरलेली भरपाई त्याच्या हातापायांकडून करून घेई, हे उघड आहे.

असल्या मुलांपैकी एक हारी मार्टिनसन. जन्म १९०४, दक्षिणेकडच्या ब्लेकिंगे प्रांतात. बाप १९१० साली वारला, आई मुलांना मागे ठेवून अमेरिकेला गेली आणि मुले गावाच्या गळ्यात पडली. हा मुलगा या शेतावरून त्या शेतावर गेला, पळाला, पुढे जहाजांवर खलाशी झाला. १९३५ साली त्याने आपल्या बालपणावर कादंबरी लिहिली. अंगाला लागली की आग होणारी रानातली एक झुडपी वनस्पती असते. ती फुलते आहे, असा तिच्या नावाचा अर्थ. तिच्यातला मार्टिन नावाचा मुलगा भुकेने फारसा कळवळत नाही. तो नव्या घरात शिरला की माणसांचे चेहरे वाचू लागतो. आपण हवेसे वाटावे म्हणून काय करावे, याचा विचार तो अष्टौप्रहर करीत असतो. मिंधेपणाचे याहून सूक्ष्म चित्र मी तरी पाहिलेले नाही. मार्टिनसन १९४९ साली स्वीडिश अकादमीवर निवडला गेला आणि १९७४ साली एविंद योन्सन यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जो देश नोबेल देतो त्याच देशाने त्याला लहानपणी उतरत्या बोलीने दिले होते, ही गोष्ट स्वीड लोक विसरलेले नाहीत.

१९१८ च्या कायद्याने दारोदार फिरवणे आणि लिलाव दोन्ही बंद झाले. पण गरिबाची मान वर आली नाही. स्वीडनमधल्या स्त्रियांनी १९२१ साली देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले, म्हणून त्या सालचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु गावाच्या मदतीवर कायमचे जगणाऱ्या माणसाला त्या सालीही मत नव्हते. ते १९४५ साली मिळाले. गावाचे अन्न खाणाऱ्याने गावाच्या कारभारावर बोलू नये, हा त्यामागचा विचार. ओळखीचा वाटतो ना?

अशा पार्श्वभूमीवर गुस्ताव मल्लेर हा माणूस येतो. मालमो शहरातल्या गरिबीत वाढलेला आणि १९२४ ते १९५१ या काळात अनेक वर्षे समाजखात्याचा मंत्री असलेला. आपल्याकडे त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. ज्यांना आहे त्यांना गुन्नार आणि आल्वा म्युर्दाल यांची नावे ठाऊक असतात, आणि आल्वाबाई पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या म्हणून ते स्वाभाविकही आहे. म्युर्दाल दांपत्याने १९३४ साली लोकसंख्येच्या प्रश्नावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. मुलांना कपडे द्या, जेवण द्या, वस्तुरूपाने द्या, असे त्यांचे मत. पैसे दिले तर आईबाप ते कुठे खर्च करतील कोण जाणे! मल्लेरचा कल रोख पैशाकडे होता. या वादात मी निःसंशय मल्लेरच्या बाजूचा आहे. ज्याला वस्तू देता त्याच्यावर तुमचा विश्वास नसतो, आणि हे त्याला कळते.

१९४८ साली स्वीडनमध्ये प्रत्येक मुलामागे वर्षाला २६० क्रोनर असा भत्ता सुरू झाला. तो आईला मिळे. कोणत्या आईला? प्रत्येक आईला. कारखानदाराच्या बायकोला आणि त्याच कारखान्यात झाडणारीलाही. श्रीमंताला कशाला द्यायचे, हा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाला पडेल. मला त्याचे उत्तर असे दिसते, की श्रीमंतालाही दिले म्हणजे घेणे ही गरिबीची खूण राहत नाही. दारिद्र्याचा दाखला आणायला नको, कचेरीतल्या कारकुनाला चुलीवर काय शिजते ते सांगायला नको. त्याच साली नवे म्हातारपणचे निवृत्तिवेतन सुरू झाले. त्याची मूळ रक्कमही सर्वांना सारखी. आणि १९४६ साली शाळेतल्या मोफत जेवणाला सरकारी अनुदान द्यायचे ठरले होते. तेव्हा जे पोर संध्याकाळी मित्राच्या खोलीत उपाशी बसलेले पाहून जग हसले, त्याच पोराने दुपारी शाळेत त्याच मित्राच्या शेजारी बसून तेच जेवण जेवलेले असते, आणि ते कोणाचेच मिंधे झालेले नसते. हसणाऱ्यांनी दुपारचे ताट पाहिलेच नाही.

पुढची पायरी मात्र आपल्याला पचायला जड आहे. म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याचे मुलांवरचे कायदेशीर बंधन स्वीडनने काढून टाकले. १९५६ च्या समाजसाहाय्य कायद्यातून ते गेले आणि १९७९ साली कुटुंबविषयक कायद्यातला त्याचा शेवटचा अवशेषही गेला. उलट बाजूने पाहिले तर १९६५ पासून उच्च शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत बापाची मिळकत विचारीत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बापाचा मिंधा नाही आणि ऐंशी वर्षांचा बाप मुलाचा मिंधा नाही. हेन्रिक बेरग्रेन आणि लार्स त्रेगोर्द या दोन इतिहासकारांनी २००६ साली ‘स्वीड हा माणूस आहे काय?’ अशा नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रेम खरे आहे की नाही हे दोन माणसे एकमेकांवर पोटासाठी अवलंबून नसली तरच कळते; म्हणून स्वीडनने सरकारला बळकट केले आणि माणसाला माणसापासून मोकळे केले. आस्त्रिद लिंदग्रेनच्या १९४५ सालच्या गोष्टीतली पिप्पी त्यांना या विचाराची मूर्ती वाटते. घोडा उचलणारी, पेटीभर सोन्याची नाणी बाळगून एकटी राहणारी नऊ वर्षांची पोरगी.

हे नुसते पुस्तकातले तत्त्व असते तर मी त्याच्यावर इतका विचार केला नसता. पण उप्सालाला आमच्या जिन्यावर समोरच एक शहाऐंशी वर्षांची बाई राहत होती. दिवसातून तीनदा नगरपालिकेची मदतनीस येई; जेवण गरम करून देई, औषधाची आठवण करी. आमच्या घरून एकदा बेसनाचे लाडू गेले. दुसऱ्या दिवशी डबा दालचिनीच्या पावांनी भरून आला. पत्नी हरखली. रिकामा डबा परत करायचा नाही हे हिला कोणी शिकवले! मग इकडून चकल्या गेल्या, तिकडून मुरंबा आला. तिसऱ्या खेपेला बाई हसून म्हणाली, ‘‘आता आपली बरोबरी झाली.’’ तेव्हा लक्षात आले, की डबा भरून देण्याची चाल एकच असली तरी अर्थ दोन आहेत. आपण व्यवहार संपू नये म्हणून डबा भरतो, ती तो संपावा म्हणून भरत होती. त्यांच्या भाषेत ‘स्कुल्ड’ हा एकच शब्द कर्जालाही आहे आणि अपराधालाही. उपकाराच्या जाणिवेला जो शब्द आहे, त्याच्याही पोटात हा ‘स्कुल्ड’ बसलेला आहे. ऋणाला ज्या भाषेत पापाचा वास येतो, तिथे माणूस ते अंगावर ठेवील कसा?

तिचा मुलगा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर राहत होता. तो येई कधी रविवारी. एकदा मी तिला विचारले, मुलाकडे राहावे असे वाटत नाही का. (तिच्या भाषेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सगळेच एकमेकांना ‘तू’ म्हणतात, मला मराठीत तिच्या तोंडी ‘तुम्ही’च घालावे लागते.) ती म्हणाली, ‘‘तो येतो तेव्हा त्याला यावेसे वाटले म्हणून येतो. कोणी त्याला पाठवत नाही. तुम्हाला तुमच्या मुलांबद्दल हे सांगता येईल?’’

मी म्हटले, ‘‘आणि ज्या रविवारी येत नाही?’’

‘‘तेव्हाही मला कळते,’’ ती म्हणाली, आणि कॉफी ओतू लागली.

या उत्तरातले धैर्य मला अजून चकित करते. आपल्याकडे कोणत्या आईला हे असे उघडे ज्ञान सोसेल? कर्तव्य नावाचा जो पडदा आहे, त्याच्याआड प्रेम असले तरी दिसत नाही हे खरे. पण नसले तरी दिसत नाही, ही त्याची केवढी तरी दया आहे! आपण २००७ साली आईबापांच्या पोटगीसाठी स्वतंत्र कायदा केला. मुलांवरचे बंधन आपल्या कायद्यात आधीही होतेच, ते आणखी पक्के केले. ज्या आईला न्यायाधिकरणापुढे अर्ज करून मुलाकडून पैसे घ्यावे लागतात, तिला पडद्याचाही आधार राहत नाही आणि मोकळेपणही मिळत नाही. दोन्हीकडची वाईट बाजू तेवढी तिच्या वाट्याला येते.

पण स्वीडनच्या बाजूने बोलताना एक गोष्ट डावलून चालणार नाही. माणसाच्या जागी सरकार दाता झाले म्हणजे मिंधेपण संपते, असे नाही. दात्याचा चेहरा दिसेनासा होतो. त्याची नजर राहतेच. १९३४ च्या कायद्यापासून १९७५ पर्यंत स्वीडनमध्ये सुमारे ६३,००० नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतांश स्त्रियांवर. त्या सगळ्या जुलमाच्या नव्हत्या. पण त्यांतल्या कित्येकींची संमती अशी घेतलेली होती, की सही कर, मग संस्थेतून सोडतो. सही कर, मग गर्भपाताला परवानगी देतो. मंदबुद्धी, चंचल, संसाराला नालायक, असे शेरे मारून हे झाले. ज्या काळात प्रत्येक आईला भत्ता मिळू लागला, त्याच काळात आई होण्याला कोण लायक हेही ठरवले जात होते, आणि म्युर्दालांसारखी सुधारणावादी माणसेही या विचारापासून दूर नव्हती. १९९७ साली एका वृत्तपत्राने हे प्रकरण नव्याने उघडे केल्यावर देश हादरला आणि १९९९ साली बळी पडलेल्यांना १,७५,००० क्रोनरची भरपाई द्यायचा कायदा झाला. जमीनदाराचा मिंधा निदान रात्री त्याला शिव्या घालू शकतो. सरकारच्या मिंध्याने शिव्या कोणाला घालायच्या?

आणि २०२० च्या साथीत वृद्धाश्रमांत जी माणसे गेली, त्यांचे काय? त्या वर्षाच्या डिसेंबरात स्वीडनने नेमलेल्या आयोगानेच सांगितले, की वृद्धांचे रक्षण करण्यात देशाला अपयश आले. तरीही तिकडचा प्रत्येक म्हातारा एकाकी मरतो, अशी जी चित्रे आपल्याकडचे लेखक मोठ्या समाधानाने रंगवतात, ती मला पटत नाहीत. एकटे राहणे आणि एकाकी असणे यांत फरक आहे. आपल्याकडे भरल्या घरात, सुनेच्या पावलांचा कानोसा घेत चहाची वाट पाहणारी म्हातारी कमी एकाकी असते काय?

तेव्हा मी कोणत्या बाजूला? भाकरीपुरता मी निःशंक स्वीडनच्या बाजूला आहे. भाकरी कोणाच्या मर्जीवर नसावी. पण माणसाने कोणाचे काही अंगावर ठेवूच नये, प्रत्येक डब्याची बरोबरी करून टाकावी, हे मला पटत नाही. आणि त्याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, माझ्या वडिलांत आहे.

माझे वडील १९३० च्या दशकात कोकणातून पुण्याला शिकायला आले, ते वार लावून जेवले. सात वार, सात घरे. हे वार ब्राह्मण मुलाला मिळत. दुसऱ्या जातीच्या गरीब मुलाला ते दार बंदच होते. माणसाच्या दयेचा हा मोठा दोष आहे. ती पंगत निवडते. मल्लेरच्या भत्त्याने निवड केली नाही. वडिलांच्या सात घरांपैकी पाचांविषयी ते कधी फारसे बोलले नाहीत. सोमवारच्या घरी त्यांना पडवीत, सर्वांच्या मागून वाढीत. यजमान पलीकडे झोपाळ्यावर बसून परीक्षेचे मार्क विचारी. पन्नाशी उलटल्यावरही लक्ष्मी रोडवर ते गृहस्थ लांबून दिसले की वडील बोळात वळत. गुरुवारच्या घरी मावशी होत्या. त्या आपल्या मुलांच्या पंगतीत त्यांचे पान मांडीत, आणि मुलांवर ओरडत तशाच त्यांच्यावरही ओरडत. त्या असेपर्यंत दर दिवाळीला वडील त्यांच्या घरी जाऊन पाया पडत आणि तिथेच फराळ करून येत. काही घेऊन जात नसत. घेऊन गेलो तर मावशींना राग येईल, म्हणत.

मी कॉलेजात असताना मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा त्यांना विचारले होते, ‘‘तुम्हाला अशी मिळाली असती तर?’’

‘‘सोमवार सुटला असता,’’ ते लगेच म्हणाले. मग पुष्कळ वेळ सुपारी कातरत बसले. ‘‘गुरुवारी मी गेलोच असतो. पण मग मावशींनी बोलावले असते का, कोण जाणे.’’